बाबूराव बागूल : जात, खोली आणि कथा

लेखकाचे चरित्र सांगण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. आधी घराणे, मग घरातले संस्कार, मग वडिलांचा ग्रंथसंग्रह, शाळेतले एखादे गुरुजी आणि शेवटी प्रतिभेचा उदय. ज्याच्या घराला वंशावळ नाही, ज्याच्या घरात पुस्तक नाही आणि ज्याला शाळेतल्या बाकावरसुद्धा जागा मागून घ्यावी लागली, त्याचे चरित्र या रीतीत कसे बसवायचे? बहुतेक वेळा ते बसवलेच जात नाही. ‘दलित साहित्याचे आद्य कथाकार’ असे एक बिरुद लावायचे, दोन पुस्तकांची नावे द्यायची आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचे. बाबूराव बागूल यांच्या वाट्याला पाठ्यपुस्तकांतून आणि परीक्षेच्या गाईडांतून हेच आले आहे. नाशिक जिल्ह्यातला हा लेखक नाशिक जिल्ह्यातल्याच विद्यार्थ्यांना चार गुणांच्या टिपेपुरता ठाऊक असावा, ही गोष्ट आपल्या शिक्षणाविषयी बरेच काही सांगते. म्हणून त्यांच्या आयुष्याचा आणि लेखनाचा एकत्र विचार करण्याचा हा प्रयत्न आहे.

बागूलांचा जन्म १७ जुलै १९३० रोजी नाशिक रोडजवळच्या विहितगावात झाला. हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी २ मार्चला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. बाबासाहेबांचे नेतृत्व आणि दादासाहेब गायकवाडांची संघटना यांच्या बळावर गावोगावचे महार स्त्रीपुरुष गोदावरीच्या काठी जमत होते, मार खात होते, तुरुंगात जात होते. पाच वर्षे हा लढा चालला. देवळाचे दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. येवलाही याच जिल्ह्यातले. बागूलांचे बालपण या जिल्ह्याच्या मातीत असे गेले, जिथे माणसे देवासाठी भांडत आहेत असे वरवर दिसत होते आणि प्रत्यक्षात ती माणूसपणासाठी भांडत होती. पुढे बागूलांच्या साऱ्या लेखनाचा विषय हाच झाला.

लहानपणीच त्यांना मुंबईला मावशीकडे पाठवण्यात आले. माटुंगा लेबर कँप ही ती वस्ती. धारावीला लागून असलेली, कामगारांची, सफाई करणाऱ्यांची, गिरणीत आणि गोदीत राबणाऱ्यांची. या वस्तीला विद्यापीठ म्हटले तर ती अलंकारिक भाषा होणार नाही. इथे आंबेडकरी चळवळीच्या सभा होत आणि लाल बावट्याच्याही होत. अण्णा भाऊ साठे याच वस्तीत वावरत होते. एका बाजूने जातीचा प्रश्न, दुसऱ्या बाजूने पोटाचा प्रश्न, आणि दोन्ही बाजूंनी रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या चर्चा. बागूलांच्या विचारात आंबेडकर आणि मार्क्स हे दोघेही पुढे आयुष्यभर राहिले, त्याचे मूळ या वस्तीत आहे. काहींना तो गोंधळ वाटला. पण ज्याची जात आणि ज्याची भूक एकाच अंगात राहतात, त्याला या दोन प्रश्नांची वेगवेगळी खाती उघडता येत नाहीत.

शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले. नंतर मिळेल ती कामे, आणि मग रेल्वेतली नोकरी. या नोकरीच्या निमित्ताने ते सुरतेला गेले. तिथे राहायला खोली हवी होती. खोली मिळण्यासाठी जात सांगावी लागणार होती, आणि जात सांगितली की खोली मिळणार नव्हती. त्यांनी जात लपवून खोली घेतली. मराठी कथेला वळण देणाऱ्या एका कथेचा जन्म या साध्या व्यवहारातून झाला. अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे सतरावे कलम १९५० पासून अमलात आहे आणि अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ चा. कायदा दिल्लीत होता. खोलीची किल्ली घरमालकाच्या कमरेला होती.

‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही ती कथा, आणि याच नावाचा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. कथेतला निवेदक गुजरातेत रेल्वेत कामाला लागतो. जातीविषयी विचारले की तो मोठमोठ्या शब्दांनी उत्तर देतो : आपण मुंबईकर, आपण लढणारे, आपण नव्या भारताचे नागरिक. हे शब्द खोटे नाहीत. निवेदकाचा त्यांच्यावर विश्वास आहे. पण विचारणाऱ्याला जे हवे आहे, तेवढेच त्यात नाही. त्याला एका सहकाऱ्याच्या घरी आसरा मिळतो, कवी म्हणून कौतुकही होते. याच ठिकाणी काशिनाथ सकपाळ नावाचा दुसरा एक महार कामगार आहे. तो जात लपवत नाही. तो अपमानाला तिथल्या तिथे उत्तर देतो आणि त्यामुळे सर्वांच्या डोळ्यांत खुपतो. शेवटी निवेदकाची जात उघडी पडते, कालपर्यंत प्रेम करणारी माणसे त्याच्यावर तुटून पडतात आणि काशिनाथ त्याला वाचवतो. त्यावर निवेदक जे बोलतो, त्याचा आशय असा की मला या माणसांनी मारलेच नाही, मला मनूने मारले.

या कथेचे शीर्षक नीट वाचले पाहिजे. चोरी कशाची होते? मोलाच्या वस्तूची. जात ही निवेदकाजवळची मोलाची वस्तू नव्हे. ती त्याच्या अंगावर लादलेली आहे. तरीही ती लपवली की तो चोर ठरतो. ज्यांनी त्याचे माणूसपण शतकानुशतके लुटले ते सावकार, आणि ज्याने चार दिवस माणूस म्हणून राहून पाहिले तो चोर. व्यवस्थेचा हा उलटा हिशेब बागूलांनी शीर्षकातच मांडला आहे. आणि कथेत दोन माणसे समोरासमोर ठेवली आहेत : एक लपवणारा आणि एक उघड बोलणारा. लपवणाऱ्याला घर मिळते पण झोप मिळत नाही. उघड बोलणाऱ्याला घरच मिळत नाही. दोन्ही वाटा बंद आहेत, आणि लेखक तिसरी सोयीची वाट दाखवत नाही. कथेची सारी ताकद या नकारात आहे.

इथे एका जगप्रसिद्ध इंग्रज कादंबरीकाराची आठवण काढणे उपयोगी ठरेल. इंग्रजीच्या वर्गात चार्ल्स डिकन्स सर्वांनाच शिकवला जातो. वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले तेव्हा, १८२४ मध्ये, बारा वर्षांच्या डिकन्सला बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम करावे लागले. या गोष्टीची त्याला इतकी लाज वाटली की जगभर कीर्ती झाल्यावरही त्याने ती हयातभर उघड केली नाही. १८४९-५० च्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये त्याने ती कल्पितकथेच्या पांघरुणाखाली लिहिली. खरी हकिकत जगाला कळली ती त्याच्या मृत्यूनंतर, १८७२ मध्ये, मित्र फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून.

डिकन्सनेही आपला भूतकाळ चोरला होता, आणि तो त्याला पचला. कारण दारिद्र्य ही अवस्था आहे. पैसा आला की ती मागे पडते आणि मागे पडलेली गोष्ट लपवता येते. इंग्लंडात कोणी त्याला विचारले नाही की तुझा आजा कोण आणि तो गावाच्या कुठल्या दिशेला राहत होता. आपल्याकडे जात ही अवस्था नाही. ती नोकरीने जात नाही, शहराने जात नाही, पदवीनेही जात नाही. शहरात आले की जात विरघळते, असे सुधारक आणि समाजवादी या दोघांनाही वाटत होते. बागूलांनी कारखान्याच्या गावातली, पगारदार कामगारांमधली कथा लिहून या भाबड्या समजुतीला पहिला तडा दिला. लपवण्यापेक्षा उघड लिहिणे त्यांनी पसंत केले. डिकन्सचे गुपित मित्राने सांगितले. बागूलांनी आपले गुपित स्वतः सांगितले आणि ते शीर्षक करून मुखपृष्ठावर छापले. हा दोन स्वभावांमधला फरक असेल, त्याहून तो दोन समाजांमधला फरक आहे.

त्या काळच्या मराठी कथेची पार्श्वभूमीही ध्यानात घ्यावी लागते. गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांची नवकथा रुळली होती. मनाचे सूक्ष्म व्यापार हा तिचा प्रांत होता. बागूलांच्या कथेत मने आहेत, पण ती उपाशी शरीरांत आहेत. ‘वाटेवरची’ या कथेतल्या बाईला आजारी मुलाकडे जायला गाडीभाड्याचे पैसे हवे आहेत आणि ते मिळवण्यासाठी तिच्याजवळ शरीराशिवाय काही नाही. ‘विद्रोह’मधला जय कॉलेजात शिकतो, आणि घर जगवायचे तर त्याने बापाच्या जागी मैला उचलायची नोकरी धरावी असा घरचा आग्रह आहे. १९६९ च्या ‘मरण स्वस्त होत आहे’ या संग्रहातील ‘आई’ या कथेत वर्गात मास्तर आईवरची कविता शिकवत आहेत, आणि ज्या मुलाच्या आईविषयी वस्तीत कुजबुज चालते त्या मुलाच्या मनात त्या कवितेने काय होते, ते बागूल दाखवतात. पाठ्यपुस्तकातली वात्सल्यमूर्ती आणि झोपडीतली राबणारी, पुरुषांच्या नजरांनी घेरलेली बाई, यांच्यामधले अंतर त्या मुलाला एकट्याने चालावे लागते. प्रत्येक मराठी शिक्षकाने वर्गात कविता शिकवायला उभे राहण्यापूर्वी ही कथा एकदा वाचावी.

‘विद्रोह’विषयी थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण तो प्रश्न जुना झालेला नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यावर १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायद्याने बंदी आली. तरीही गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या येतच असतात, आणि मरणाऱ्यांची आडनावे वाचली तर जातीचे कोष्टक पाहावे लागत नाही. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी देण्याची सोय आहे. तिच्यामुळे हजारो घरांची चूल पेटली हे खरे. पण सोय आणि सापळा हे इथे एकाच दोरीने विणले आहेत. बापाची जागा मुलाने घ्यावी हा वर्णव्यवस्थेचाच नियम. फक्त आता त्यावर शिक्का कार्यालयाचा असतो. जयच्या आईबापांना बागूलांनी खलनायक केलेले नाही. भाकरीची हमी सोडून पुस्तकाच्या भरवशावर राहायला त्यांना भीती वाटते. पहिल्या पिढीच्या पदवीधराला या भीतीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरी आणि पलीकडे जव्हार-मोखाडा या पट्ट्यातल्या वाचकांसाठी आणखी एका कथेचा उल्लेख मुद्दाम करतो. ती म्हणजे ‘बोहाडा’. आमच्या भागात चैत्र-वैशाखात बोहाडा होतो. सांबळ आणि पिपाणी वाजते, टेंभ्यांच्या उजेडात देवादैत्यांचे मुखवटे चढवून रात्रभर सोंगे नाचतात. कोणते सोंग कोणी नाचवायचे याचा मान ठरलेला असतो. काही गावांत तो घराण्याकडे, काही गावांत बोलीने. त्र्यंबकेश्वरात शिकायला येणाऱ्या पाड्यांवरच्या मुलांना हे सारे पाठ असते. अभ्यासक्रमातल्या पुस्तकांत मात्र आपला बोहाडा कधी भेटत नाही, म्हणून तो साहित्याचा विषय होऊ शकतो हेच त्यांना नवल वाटते. बागूलांच्या कथेत सोंग नाचवण्याचा हा मान एक महार मागतो, आणि साऱ्या गावाच्या पायाखालची जमीन हलते. लाकडाचा किंवा कागदाचा मुखवटा तो काय! पण तो चढवल्यावर त्या रात्रीपुरते गावाला त्याच्यापुढे हात जोडावे लागतील, ही खरी अडचण आहे. जात चोरणारा निवेदक जे लपून करतो, ते इथे भर चौकात, वाजतगाजत करायचे आहे. काळारामाच्या दाराशी जो प्रश्न होता तोच हा प्रश्न, लोककलेच्या अंगणात आलेला.

कादंबरीकडे बागूल वळले ते १९७० च्या ‘सूड’पासून. लहानशीच ही कादंबरी. तिची नायिका जानकी. बाईच्या शरीराचा बाजार जिथे भरतो, त्या जगात ती वाढते, आणि ज्या शरीराची किंमत दुसरेच ठरवतात ते शरीरच तिला शत्रू वाटू लागते. जात जशी जन्माने चिकटते तसे बाईपणही जन्माने चिकटते आणि दोन्हींच्या नावाने माणूस विकला जातो, ही जाण त्या काळी मराठीत फार थोड्यांना होती. ‘अघोरी’, ‘कोंडी’ या त्यांच्या पुढच्या कादंबऱ्या. त्यांची चर्चा कथांच्या मानाने फारच कमी झाली आहे आणि संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ते क्षेत्र मोकळे आहे.

बागूलांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. भाषा भडक, उपमांचा मारा, प्रसंग टोकाचे, पात्रे वादळासारखी. आक्षेप निराधार नाही. त्यांची काही वाक्ये धाप लागेपर्यंत धावतात, आणि काही ठिकाणी कथा थांबवून लेखकच बोलू लागतो. पण ज्या समीक्षेने संयम हे एकमेव वाङ्मयीन मूल्य मानले, तिने हेही विचारावे की संयम कोणाला परवडतो. मार खाणाऱ्याचा आवाज आणि मार पाहणाऱ्याचा आवाज एका पट्टीत लागत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बागूलांच्या स्त्रिया बहुधा पुरुषांच्या वासनेच्या घेऱ्यात सापडलेल्या दिसतात. कष्ट, विनोद, मैत्रिणी, चळवळ यांनी भरलेले त्यांचे उरलेले आयुष्य कथेत कमी येते. ते आणले १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ने आणि २००३ च्या ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ने. बागूलांचा मोठेपणा मान्य करूनच ही उणीव नोंदवली पाहिजे.

१९६८ मध्ये त्यांनी रेल्वेची नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ लेखन व चळवळ यांना वाहून घेतले. पगार, पास, निवृत्तिवेतन सोडून देण्याचे हे धाडस दलित घरात किती मोठे असते, हे सांगण्याची गरज नाही. ‘मरण स्वस्त होत आहे’ला १९७० मध्ये महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, त्या पिढीतल्या तरुण कवी-कार्यकर्त्यांना बागूल वडीलधारे होते. १९८१ मध्ये ‘दलित साहित्य : आजचे क्रांतिविज्ञान’ हा त्यांचा वैचारिक ग्रंथ आला. त्यांच्या विचाराचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : दलित साहित्य हे एका जातीचे गाऱ्हाणे नव्हे, माणसाला केंद्रस्थानी ठेवणारे साहित्य आहे. ‘दलित’ या शब्दात त्यांनी फक्त एक जात पाहिली नाही. वेश्या, गुंड, भूमिहीन, भिकारी, ज्याला कोणीच नायक मानत नाही तो त्यांचा नायक. धर्मग्रंथांनी देवाला आणि राजाला नायक केले. बागूलांनी ते आसन माणसाला दिले.

अखेरच्या काळात ते नाशिकला होते. २००७ मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार त्यांना मिळाला, आणि २६ मार्च २००८ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, जेरी पिंटो यांच्या अनुवादाने त्यांची पहिली कथापुस्तिका इंग्रजीत गेली. मूळ पुस्तकानंतर तब्बल ५५ वर्षांनी! मराठी कथेतला एवढा मोठा ऐवज बाहेरच्या जगापर्यंत पोचायला अर्धे शतक लागते, याचा विचार मराठी विद्यापीठांनी करावा.

राहता राहिला प्रश्न आपला. आमच्या कॉलेजातली मुले पदवी घेऊन सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, नाशिकच्या दुकानांत, पुण्याच्या कंपन्यांत कामाला जातात. खोली शोधताना त्यांना अजून आडनाव विचारले जाते. आडनावाने उलगडा झाला नाही तर गाव, गावाने नाही झाला तर मटण खाता का, घरात फोटो कोणाचा लावता. मलाही एका शहरात एका घरमालकाने चहा पाजून, पुस्तकांविषयी गप्पा मारून, उठताना हळूच विचारले होते, “तुम्ही कोणातले?” उत्तर ऐकल्यावर खोली दुसऱ्या कुणाला आधीच दिल्याचे त्यांना आठवले. आता कोणी अंगावर धावून येत नाही. व्यवहार हसतमुखाने होतो आणि किल्ली पुन्हा खिशात जाते.

म्हणून शिक्षक मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते की ‘जेव्हा मी जात चोरली होती’ शिकवताना पात्रे, वातावरण, भाषाशैली असे चार मथळे फळ्यावर लिहून थांबू नका. वर्गात विचारा की निवेदक बरोबर की काशिनाथ. मुले दोन तट करून भांडतील. भांडू द्या. त्या भांडणात जी मुले आजवर गप्प बसत होती ती बोलू लागतील, आणि ज्या मुलांना हा प्रश्न आपला नाही असे वाटत होते, त्यांना आपल्या घराची किल्ली कोणाच्या हातात आहे ते दिसू लागेल. कार्यकर्त्यांनी बागूलांच्या जयंतीला हार घालावाच. पण त्या दिवशी वस्तीत एक कथा मोठ्याने वाचावी. ज्याला एक खोली मिळवण्यासाठी स्वतःचे नाव लपवावे लागले, त्याचे नाव निदान त्याच्या जिल्ह्यात तरी मोठ्याने घेतले जावे.